व्रताला उद्यापनही हवे
महिनाभर दूधदुभते सोडून पाहणाऱ्यांसाठी चार शब्द

गेल्या आठवड्यात सकाळी दवाखान्यात एक आई आपल्या चोवीस वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलगा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. सुट्टीवर घरी आला होता. तब्येत ठणठणीत. मी विचारले, "काय होतंय?" त्यावर आईच बोलल्या, "डॉक्टरसाहेब, हा दूध घेत नाही, दही-ताक नाही, भातावर तूप नाही. चहासुद्धा कोरा पितो. अंडी-मटण तर सोडलंच आहे. याला काही झालंय का? तुम्हीच सांगा याला!"

मुलगा हसत म्हणाला, "काका, मला काही झालेलं नाही. एक महिना व्हेगन राहून बघतोय, एवढंच. ऑफिसातले सगळे करतात."

असे प्रसंग आता आपल्या गावातही वरचेवर घडू लागले आहेत. कोणी मोबाईलवर पाहून, कोणी परदेशातल्या मुलाच्या सांगण्यावरून, कोणी वजन उतरवण्यासाठी, तर कोणी जनावरांवरील दयेपोटी महिना-दोन महिने दूधदुभते सोडून पाहतो. हे चांगले की वाईट, असा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. ते एका शब्दात दिल्यामुळे माझ्या हातून एकदा चूक झाली होती. तीही आज सांगणार आहे.

व्हेगन म्हणजे काय?

मांस, मासे, अंडी न खाणारा तो शाकाहारी, हे आपण सगळे जाणतो. आपल्याकडचा शाकाहारी मात्र दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा हे सर्व आनंदाने खातो. व्हेगन माणूस याच्या पुढे जातो. प्राण्यापासून मिळणारा कोणताही पदार्थ तो घेत नाही. दूधदुभते नाही, मधसुद्धा नाही. धान्ये, डाळी, कडधान्ये, भाज्या, फळे, तेलबिया एवढेच त्याचे अन्न.

हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये तयार झाला. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी तेथे व्हेगन सोसायटी स्थापन केली. २०१४ सालापासून ब्रिटनमध्ये जानेवारीचा एक महिना व्हेगन राहून पाहण्याची मोहीम सुरू झाली आणि तिचे लोण सर्वत्र पसरले.

शब्द परका असला तरी महिनाभर काही सोडून पाहणे आपल्याला नवे नाही. चातुर्मासाचा जुना नियम घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. श्रावणात पालेभाज्या, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल धान्ये वर्ज्य करायची. म्हणजे महिनाभर दूध सोडणारी माणसे आपल्या आजी-पणजीच्या काळातही होती. पण त्या नियमात दोन गोष्टी होत्या. एक, एका वेळी एकच वस्तू सोडायची. आणि दुसरी, ज्या दिवशी सुरुवात त्या दिवशीच शेवटही ठरलेला. व्रताला संकल्प असतो तसे उद्यापनही असते. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. आजच्या लेखाचे सारे सार त्यातच आहे.

महिन्याभरात फायदा होतो का?

होतो. तो नाकारण्यात अर्थ नाही.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एकसारख्या जुळ्या भावंडांच्या बावीस जोड्यांवर केलेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक जोडीतील एकाला आठ आठवडे व्हेगन आहार दिला आणि दुसऱ्याला मांस, अंडी, दूध असलेला, पण चांगल्या प्रतीचा आहार दिला. जुळी भावंडे घेण्याचे कारण उघड आहे. दोघांचा आनुवंशिक पिंड एकच, त्यामुळे फरक दिसला तर तो आहाराचा म्हणता येतो. व्हेगन गटातील एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, सरासरी ११० च्या आसपास होते ते ९५ च्या आसपास आले. दुसऱ्या गटात ते फारसे हलले नाही. वजनही व्हेगन गटाचे सुमारे दोन किलोने जास्त उतरले. अर्थात या गटाने एकंदर उष्मांकही कमी घेतले होते, हे ध्यानात घ्यायला हवे.

याचे कारण समजण्यासारखे आहे. तूप, लोणी, साय आणि मटणातील चरबी यांत रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवणारे स्निग्ध घटक भरपूर असतात. ते बंद झाले आणि त्या जागी उसळी, भाज्या, फळे आली की पोटात चोथा वाढतो आणि कोलेस्टेरॉल उतरते. ज्यांना दूध पचत नाही, प्यायल्यावर पोट गुबारते, जुलाब होतात, अशा माणसांना तर आठ दिवसांतच हलके वाटू लागते.

मात्र तूप सोडले आणि त्या जागी वडापाव, शेव-चिवडा, फरसाण आणि गोड कोरा चहा आला, तर काहीही साधत नाही. तेलात तळलेली भजीसुद्धा व्हेगनच असतात! सोडल्यापेक्षा त्या जागी काय घेतले याला जास्त महत्त्व आहे.

गुरुजींची गोष्ट

आता माझी चूक सांगतो.

ज्यांच्या हाताखाली मी चौथीपर्यंत शिकलो ते आमचे गुरुजी निवृत्तीनंतर गावातच राहतात. जन्मापासून शाकाहारी. मधुमेहासाठी दहा वर्षे मेटफॉर्मिनची गोळी चालू होती आणि आम्लपित्तासाठी रोज सकाळी आणखी एक. सकाळ-संध्याकाळ कपभर दूध आणि जेवणात ताक हा त्यांचा नेम. काही वर्षांपूर्वी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "अरे, पोरगा म्हणतो दूध सोडून बघा, शुगर उतरेल. महिनाभर बघू का?"

रुग्णांची गर्दी होती. मी मान वर न करता म्हणालो, "बघा की गुरुजी. महिन्याने काही बिघडत नाही."

महिन्याने ते हसतमुखाने आले. वजन दोन किलो उतरले होते, उपाशीपोटीची साखरही सुधारली होती. त्यांना आनंद झाला, मलाही झाला. मी पाठ थोपटली. पण "आता थांबा" असे मी म्हणालो नाही, आणि "पुढे चालवायचे तर अमुक गोळी घ्या" असेही म्हणालो नाही. महिन्याचे सहा महिने झाले, सहाचे वर्ष आणि वर्षाचे दीड वर्ष झाले.

मग पायांना मुंग्या येऊ लागल्या. मधुमेहात तसे होतेच, म्हणून मी त्याची औषधे दिली. हिमोग्लोबिन तपासले तर १२.८. वयाच्या मानाने बरेच म्हणायचे. मी निश्चिंत राहिलो. एकदा रात्री वीज गेलेली असताना ते न्हाणीघराकडे जाता जाता पडले. वय झाले, असे घरचे म्हणाले. नंतर एकदा बोलता बोलता गुरुजी म्हणाले, "हल्ली तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो बघ." आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

डोळे मिटले की तोल जाणे याचा अर्थ पायांकडून मेंदूकडे जाणारा निरोप अर्ध्या वाटेत हरवतो आहे. डोळे उघडे असतात तोवर माणूस नजरेने सावरून घेतो. अंधारात किंवा डोळे मिटल्यावर तो आधार जातो. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू आणि पायांचे मज्जातंतू यांना बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडले की असे होते. रक्त तपासले. बी-१२ चे प्रमाण २०० च्या खाली गेले तर आम्ही त्याला कमतरता म्हणतो. गुरुजींचे शंभराच्याही खाली होते.

इंजेक्शने सुरू केली. थकवा आणि जिभेची आग थोड्याच आठवड्यांत गेली. चाल सुधारायला सहा महिने लागले. तळपायांचा बधिरपणा मात्र पूर्ण गेला नाही, आणि आता जाईल असे वाटत नाही. गुरुजी काठी घेऊन चालतात. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. एकदाच म्हणाले, "अरे, तू व्रत सांगितलंस, पण उद्यापन सांगायला विसरलास."

ते वाक्य मी विसरलेलो नाही.

हा साठ्याचा हिशेब आहे

बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करीत नाहीत. ते तयार करतात सूक्ष्म जंतू. जनावरांच्या मार्फत ते मांस, मासे, अंडी आणि दुधातून आपल्यापर्यंत येते. भाकरी, डाळ, भाजी, फळे यांतून भरवशाचे बी-१२ मिळत नाही. इडली-डोशाचे आंबवलेले पीठ आणि बाजारात मिळणारी स्पिरुलिनाची हिरवी पावडर यांवरही विसंबू नये.

मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे सव्वादोन मायक्रोग्रॅम बी-१२ लागते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. ज्याचा साठा पूर्ण भरलेला आहे त्याच्या शरीरात, मुख्यतः यकृतात, दोन ते पाच हजार मायक्रोग्रॅम जमा असतात. म्हणून अशा माणसाने मटण, मासे, अंडी आणि दूध सर्व बंद केले तरी दोन-चार वर्षे त्याला काहीच जाणवत नाही. बँकेत शिल्लक आहे, तो काढून खातो आहे.

पण आपल्यापैकी किती जणांची शिल्लक भरलेली आहे? शंभर मिलिलिटर दुधात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम किंवा त्याहून थोडे कमी बी-१२ असते. दोन कप चहातल्या दुधाने काय भागणार? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने पुणे परिसरातील खेड्यांतल्या, झोपडपट्ट्यांतल्या आणि मध्यमवर्गीय वस्तीतल्या ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे दोनतृतीयांश जणांच्या रक्तात बी-१२ कमी होते. आणि हे सर्व वरवर निरोगी लोक होते! शाकाहारी माणसांत कमतरतेचा धोका कितीतरी जास्त आढळला.

म्हणून एकच महिना दोन माणसांना सारखा नसतो. आठवड्यातून दोनदा मासे खाणाऱ्या तरुणाने महिनाभर व्हेगन राहणे वेगळे आणि जन्मभर शाकाहारी असलेल्या, मेटफॉर्मिन घेणाऱ्या साठीच्या माणसाने दूध सोडणे वेगळे. पहिल्याची थैली भरलेली, दुसऱ्याची तळाला गेलेली. मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या काही गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर बी-१२ चे शोषण कमी होते, हेही येथे सांगून ठेवतो.

महिनाभरात बरे वाटले, हा पुढे कायम बरे वाटेल याचा पुरावा नव्हे. फायदे लवकर दिसतात आणि तोटे उशिरा. या प्रयोगातली खरी मेख हीच आहे.

हिमोग्लोबिन फसवते

गुरुजींचे हिमोग्लोबिन चांगले होते म्हणून मी फसलो, असे वर म्हटले. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे आणि त्याचा धागा थेट मुंबईशी जुळतो.

१९२८ साली लुसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या एका प्रकारच्या पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टचा अर्क दिल्यावर या बायकांचे रक्त भरून येते, असे त्यांनी १९३१ साली दाखवून दिले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला.

हे फोलिक अॅसिड पालेभाज्यांत आणि कडधान्यांत चांगले असते. व्हेगन आहारात ते पुरेपूर मिळते. त्यामुळे बी-१२ कमी असले तरी रक्त बराच काळ ठीक दिसू शकते. पण मज्जातंतूंचे काम फोलिक अॅसिडने भागत नाही. रक्ताचा कागद चांगला दिसत राहतो आणि आत मज्जातंतू झिजत राहतात. म्हणून मुंग्या, बधिरपणा, जिभेची आग, अंधारात तोल जाणे, विसराळूपणा यांपैकी काही असेल तर नुसत्या हिमोग्लोबिनवर समाधान मानू नये. बी-१२ ची स्वतंत्र तपासणी करावी.

हा प्रयोग कोणी करू नये?

पुढील मंडळींनी स्वतःच्या मनाने हा प्रयोग करू नये :

१) गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया. आईला बी-१२ कमी असेल तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो.
२) लहान व वाढत्या वयाची मुले.
३) क्षयरोगाचे किंवा मोठ्या आजारातून, शस्त्रक्रियेतून उठलेले रुग्ण, आणि ज्यांचे वजन आधीच कमी आहे ते.
४) मूत्रपिंडाचे रुग्ण. डाळी, शहाळ्याचे पाणी व फळे यांतील पोटॅशियम त्यांना जड जाऊ शकते.
५) रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन किंवा अॅसिट्रोमसारखी गोळी घेणारे. पालेभाज्या एकदम वाढल्या तर गोळीचा परिणाम बदलतो.
६) इन्सुलिन किंवा साखर जोराने उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे मधुमेही. आहार बदलला आणि औषध तेवढेच राहिले तर साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते.

यांच्यापैकी कोणाला करायचेच असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. डॉक्टरांनीही माझ्यासारखी खाली मान घालून परवानगी देऊ नये.

सुरू करण्यापूर्वी

निरोगी प्रौढ माणसाने महिनाभर हा प्रयोग करायला माझी हरकत नाही. मात्र प्रयोग म्हटला की आधीची नोंद हवी. वजन आणि रक्तदाब लिहून ठेवा. शक्य असेल तर हिमोग्राम, उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल आणि बी-१२ या तपासण्या करा. बी-१२ चे रक्त गोळी सुरू करण्याआधी द्यावे, नंतर दिल्यास खरा आकडा कळत नाही.

सगळ्या तपासण्यांचा खर्च झेपत नसेल तर त्यासाठी कर्ज काढू नका. जन्मभर शाकाहारी असाल तर डॉक्टरांना विचारून पहिल्या दिवसापासून बी-१२ ची गोळी घ्या. ती स्वस्त आहे आणि सुरक्षित आहे. औषधातले बी-१२ जंतूंपासून बनवलेले असते, त्यामुळे व्हेगन माणसालाही ते चालते. कॅप्सूलचे वेष्टण मात्र पुष्कळदा प्राणिजन्य जिलेटिनचे असते, म्हणून साधी गोळी मागावी. खुद्द ब्रिटनची व्हेगन सोसायटीदेखील आपल्या लोकांना बी-१२ घेण्याचा आग्रह धरते. यातच सर्व आले.

ताटात काय असावे?

आपले सुदैव असे की व्हेगन ताट आपल्याला परदेशातून आणावे लागत नाही. भाकरी, झुणका, ठेचा, कांदा ही शेतकऱ्याची न्याहारी पूर्ण व्हेगनच आहे. तिच्यात थोडी भर घालायची.

प्रथिने : साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. ज्वारीच्या चार मध्यम भाकऱ्यांतून सुमारे २० ग्रॅम, वाटीभर घट्ट आमटीतून ७, मोड आलेल्या मटकीच्या वाटीभर उसळीतून ९, आणि मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम मिळतात. एवढ्याने ४३ झाले. मूठभर सोयावडीची भाजी किंवा भाजलेले फुटाणे घेतले की हिशेब पूर्ण होतो. पाणीदार वरणाने मात्र तो पुरा होत नाही.

कॅल्शियम : मोठ्या माणसाला दिवसाला एक हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दोन मोठे कप दूध बंद केले की सुमारे ४५० ते ५०० मिलिग्रॅमची तूट येते. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे साडेतीनशे, तर न पॉलिश केलेल्या तिळाच्या दोन मोठ्या चमच्यांत सुमारे अडीचशे मिलिग्रॅम असते. शेवग्याचा पालाही चांगला. यातले सगळेच अंगी लागत नाही, म्हणून थोडे जास्तच घ्यावे. पालकात कॅल्शियम दिसते खरे, पण त्यातले फारच थोडे शरीराला मिळते. रोज थोडा वेळ अंगावर ऊन घ्यावे.

लोह : पालेभाजी व कडधान्यांवर लिंबू पिळावे, सोबत आवळा किंवा पेरू घ्यावा. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेऊ नये, कोरा असला तरी.

स्निग्ध पदार्थ : तुपाऐवजी शेंगदाणा, करडई किंवा जवळ मिळेल ते तेल, पण माणशी दिवसाला तीन-चार चमचेच. जवसाची चटणी रोज चमचाभर असावी. कारळ्याची चटणी उत्तम. सोलकढी रुचकर खरी, पण नारळाचे दूधही कोलेस्टेरॉल वाढवू शकते, म्हणून ती रोज वाडगाभर नको.

मीठ : आयोडीनयुक्तच वापरावे. दुधातूनही थोडे आयोडीन मिळत असते. ते बंद करून वर सैंधव सुरू केले तर दोन्हीकडून तूट येते.

बाजारातले सोयाबीनचे किंवा बदामाचे दूध घ्यायचे तर वेष्टणावरचा मजकूर वाचावा. बदामाच्या दुधात प्रथिने फारच थोडी असतात आणि पुष्कळदा साखर घातलेली असते. बिस्किटे, पाव, केक यांत दुधाची पावडर असते, साबुदाण्याच्या खिचडीत तूप असते. काटेकोर राहायचे तर तेही पाहावे लागेल.

उसळी एकदम वाढवल्या तर पोटात वायू धरतो. कडधान्ये रात्रभर भिजवून, पाणी टाकून, मोड आणून शिजवावीत आणि प्रमाण आठवडाभरात हळूहळू वाढवावे. हिंग-आले आहेतच.

तिसावा दिवस

शेवटचा दिवस कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा. त्या दिवशी वजन, रक्तदाब पुन्हा लिहा, कोलेस्टेरॉल पुन्हा तपासा. महिनाभरात त्यातला फरक दिसू शकतो. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी मात्र इतक्यात करून उपयोग नाही. हाडे आणि बी-१२ यांचा कौलही महिन्यात मिळत नाही.

मग तीनपैकी एक निर्णय घ्यावा.

पहिला : पूर्वीच्या आहाराकडे परत जावे, पण उसळी, फळे, नाचणी ठेवावी.
दुसरा : मधला मार्ग. तूप-साय-खवा कमी, पण वाटीभर दही किंवा ताक चालू. आपल्याकडच्या बहुतेकांना हाच मानवतो, असा माझा अनुभव आहे.
तिसरा : पुढे व्हेगनच राहावे. तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. जनावरांविषयीच्या करुणेने कोणी दूध सोडत असेल तर त्याची थट्टा करू नये. पण मग बी-१२ ची गोळी आयुष्यभर आणि वर्षातून एकदा रक्ततपासणी, ही अट न चुकता पाळावी. "मला तर छान वाटतंय" हे कारण तिला सूट देण्यास पुरेसे नाही.

काहीच न ठरवता चालू ठेवणे, हा चौथा मार्ग नव्हे. गुरुजी त्याच वाटेने गेले आणि मी त्यांना जाऊ दिले.

असो. सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलाचे रक्त मी घेतले. केसपेपरवर त्याच्या समोर शेवटची तारीख लिहिली आणि खाली दोन रेघा मारल्या. तो म्हणाला, "काका, एवढं कशाला? माझ्या लक्षात राहील." मी म्हणालो, "तुझ्या राहील रे, माझ्या राहायला हवं ना." आईंना नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी सांगितली. त्यांचा जीव भांड्यात पडला. मुलाला खायला काय घालायचे हे कळले, की आईची अर्धी काळजी मिटते.

आपल्या घरात कोणी दूध सोडले असेल, मग ते व्रत म्हणून असो, वजनासाठी असो की तत्त्वासाठी, तर त्याला आज दोनच प्रश्न विचारा. कधीपासून? आणि कधीपर्यंत? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर बी-१२ तपासून घ्या. घरात म्हातारे माणूस असेल तर तोंड धुताना, डोळे मिटल्यावर तोल जातो का, तेही विचारा. त्या एका प्रश्नाने एखाद्याचे पाय वाचतील.

पुढील आठवड्यात : उन्हाळ्यातील पाण्याची गरज आणि मुतखडा.